शनिवारचा दिवा आणि साहेबांचं पत्र

आमच्या घरमालकांनी मला कधी एकही काम सांगितलं नाही, आणि पाच वर्षं मी त्यांची कामं करत होते.

माधव नगरात त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते एकटे, वर मी एकटी. मी साताऱ्याहून नोकरीसाठी उज्जैनला आले होते, जुन्या हस्तलिखितांच्या एका ग्रंथालयात. पोथ्यांच्या नोंदी करायच्या आणि फाटके कागद सांधायचे, हे माझं काम. घर बघायला गेले तेव्हा दारात पांढरा बुशशर्ट, कडक इस्त्रीची पँट अशा थाटात ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ उभे होते. भाडं, नळाची वेळ, कचऱ्याची गाडी, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, "आणि एक बात बेटा. शनिवारी मी तुला काहीही सांगणार नाही."

"म्हणजे?"

"मतलब काहीच नाही सांगणार. बस."

मला वाटलं, बरंच झालं. घरमालकानं आठवड्यातून एक दिवस तोंड बंद ठेवायचं कबूल करणं म्हणजे भाडेकरूचं भाग्यच. त्याच आठवड्यात सामान आणलं.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी फ्रीगंजातून भाजी घेऊन आले तर खालचं घर अंधारात आणि काका ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. मला पाहून मोगऱ्याच्या कुंडीला म्हणाले, "अंधार झाला वाटतं."

"हो ना काका, दिवस लहान झाले आता," असं म्हणून मी जिना चढून वर गेले. थोड्या वेळानं खालून पुन्हा आवाज आला, जरा मोठा, "अंधार झाला वाटतं!" मी म्हटलं, म्हातारपण. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मात्र मी वैतागून खाली उतरले आणि तरातरा जाऊन त्यांच्या खोलीतलं बटण दाबलं. काका खुर्चीतून उठले, दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि आत जाऊन पुस्तक उघडून बसले. धन्यवाद नाही की काही नाही. रविवारी सकाळी मात्र पोह्यांची बशी वर आली, बाजूला दोन जिलब्या.

काका बेने इस्राएल होते. कोकणातले मराठी ज्यू. पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे अलिबागकडे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, दिवा लावायचा नाही, लिहायचं नाही. आणि दुसऱ्या कुणाला "लाव" असं सांगायचंही नाही. कुणी आपण होऊन लावला तर गोष्ट वेगळी. म्हणून काका सांगत नसत, फक्त हवेत बोलत. "पंप चालू राहिला असावा." "आज दूध उतू जाईल असं वाटतं." "थंडी वाढली, गॅसवर काही असतं तर." महिनाभरात मला त्यांची भाषा कळायला लागली. खरं सांगायचं तर मला आवडायलाही लागली. ऑफिसात दिवसभर "हे करा, ते करा" ऐकणाऱ्या बाईला, कुणी न सांगता काम करण्याची चैन निराळीच वाटते.

कॉलनीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. उज्जैनमध्ये शनिवार पाळणारा माणूस म्हटला की तो शनिदेवाचाच भक्त असणार, यात कुणाला शंका नव्हती. त्यात शनिवारी काका चप्पल घालून फार लांब जात नसत, कुणाशी भांडत नसत, पैशाला हात लावत नसत. म्हणजे उपासना किती कडक! शनी अमावास्येला तर त्यांच्या फाटकापाशी तेलाच्या बाटल्या येऊन पडत. काका त्या रविवारी गोळा करून कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याला देऊन टाकत.

समोरच्या भाभी एकदा साडेसातीचा उपाय विचारायला आल्या. काकांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "देखो भाभी, शनिवार को काम मत करो. गुस्सा मत करो. फोन बंद रखो. घर के सब लोग साथ में बैठ के खाना खाओ. ठंडा चलेगा." दोन महिन्यांनी भाभी पेढे घेऊन आल्या. साडेसाती कमी झाली होती म्हणे. "चमत्कार हो गया भाईसाब, इन्होंने भी चिल्लाना बंद कर दिया."

"तुम्ही त्यांना खरं का सांगत नाही?" मी विचारलं.

"खोटं काय सांगितलं मी?" काका म्हणाले. "आणि सांगितलं तर बेल दाबतील त्याचं काय?"

बेल म्हणजे त्यांच्या दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली छोटी पितळी डबी. आत प्रार्थनेचा कागद असतो. येता-जाता काका तिला बोटं लावून ओठांना लावत. बाकी येणारा प्रत्येक माणूस ती बेल समजून दाबायचा आणि वाजली नाही म्हणून पुन्हा दाबायचा. कुरिअरवाला तर "अंकल, बेल ठीक करा लो" असं प्रत्येक खेपेला बजावून जाई. काका म्हणत, "करा लूँगा."

रेल्वेत ते सिग्नल इन्स्पेक्टर होते. नागदा, उज्जैन, पुन्हा नागदा यात नोकरी संपली, पण सवय संपली नाही. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची. शुक्रवारी दुपारी घराची तपासणी चाले: टाकी भरली, जेवणाचे डबे गोधडीत गुंडाळले, मेणबत्त्या मांडल्या. सगळं झालं की जिन्याच्या तोंडाशी उभं राहून वर हाक मारत, "लाइन क्लिअर!" पुढचं स्टेशन मोकळं आहे, गाडी येऊ द्या, असा त्याचा रेल्वेतला अर्थ. इथे अर्थ असा की शनिवार आता यायला हरकत नाही. मी वरून ओरडायची, "क्लिअर!" उत्तर मिळाल्याशिवाय ते आत जात नसत.

आता पत्राची गोष्ट.

माझ्या कामाबद्दल काकांना कुतूहल होतं. एकदा मी त्यांना सांगत होते की जुन्या काळी लोखंडाची शाई वापरायचे आणि ती शाई हळूहळू कागद खाते; अक्षरं असतात तिथेच भोकं पडतात. काका ऐकता ऐकता उठून खाली गेले. चौथ्या दिवशी बिस्किटांचा चपटा डबा घेऊन वर आले. डब्यात त्यांच्या वारलेल्या बायकोच्या, काकूंच्या, जुन्या रेशमी साडीचा तुकडा, त्यात घडी घातलेला एक कागद.

"बघ फक्त," म्हणाले. "वाचायचं नाही."

वाचणार कशी? अक्षर हातानं लिहिलेलं, टोकदार, एकमेकांत अडकलेलं, जुन्या वळणाचं जर्मन. मला त्यातलं एक अक्षर लागेना. खालची सही तेवढी स्पष्ट होती. ते नाव मी इथे लिहीत नाही, काकांनी तसं बजावलं आहे. एवढंच सांगते की जगभर विखुरलेल्या ज्यूंना स्वतःचा देश असावा, हा विचार ज्यांनी प्रथम कागदावर मांडला त्या मोजक्या माणसांपैकी तो एक. काका त्यांना नुसतं 'साहेब' म्हणत.

काकांचे पणजोबा कोकणात शाळामास्तर होते. त्यांनी साहेबांबद्दल कुठल्याशा इंग्रजी वर्तमानपत्रात वाचलं आणि थेट युरोपात त्यांना पत्र धाडलं: आम्हीही आहोत, समुद्राकाठी नारळाच्या झाडांत राहतो, आम्ही तिकडे यावं का? साहेबांनी स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं. ते पोचलं तेव्हा पणजोबा तापानं जाऊन महिना झाला होता. घरात जर्मन कुणालाच येत नव्हतं. तेव्हापासून ते पत्र न वाचता जपलं गेलं. न वाचलेलं असल्यामुळे प्रत्येकाला त्यातलं पाठ होतं. कुणी म्हणे, साहेबांनी 'ताबडतोब या' लिहिलंय. कुणी म्हणे, 'बोलावू तेव्हा या'. घरात कसलंही भांडण निघालं की शेवटी पत्र निघे आणि दोन्ही बाजू त्याचाच आधार घेत.

मी भिंगातून कागद पाहिला. मधल्या घडीवर चीर गेली होती आणि दोन ओळींत शाईनं कागद खाऊन टाकायला सुरुवात केली होती. "काका," मी म्हटलं, "हे आता वाचून घ्या. मी सांधून देईन, पण पाचसात वर्षांनी यातलं निम्मं हाती लागणार नाही."

"नको लागू दे," काका म्हणाले आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेले. डबा मात्र माझ्याकडेच राहिला.

दोन दिवस तो कागद माझ्या टेबलावर होता. पातळ जपानी कागदाच्या पट्ट्यांनी मी चीर सांधली. आणि हो, फोनवर एक फोटोही काढला. आमच्या ग्रंथालयात तेव्हा एक वयस्कर जर्मन बाई संस्कृत पोथ्या बघायला येत होत्या. त्यांना पाठवला असता की पाच मिनिटांत काम होतं. बोट बटणावर ठेवलं होतं. मग फोटो पुसला. काढला आणि पुसला, दोन्ही कबूल करते; पुढे त्या जर्मन बाईंसकट सगळं काकांनाही सांगितलं.

पत्र परत द्यायला खाली गेले तेव्हा काकांनी मला बसवलं. टीव्हीवर इस्राएलमधल्या लढाईच्या बातम्या होत्या, आवाज बंद. त्यांची मुलगी तिकडे अश्दोद शहरात असते. मोठे भाऊही तिथेच. शनिवार सोडून रोज सकाळी काका मुलीला फोन करून आधी विचारत, "भोंगा वाजला का?" आणि नाही म्हटलं की मगच चहा घेत.

"मी पत्र का वाचू देत नाही, माहीत आहे?" काका म्हणाले. "कारण मी ते आधीच वाचलंय. खोटं खोटं."

मग त्यांनी सांगितलं. मोठा भाऊ बायकामुलांसह कायमचा तिकडे निघाला तेव्हा काका नुकते रेल्वेत लागले होते. भावाची इच्छा होती सगळ्यांनी जावं, आईनं तर नक्कीच. काकांना जायचं नव्हतं. सिग्नलचं काम आवडत होतं, लग्न ठरत होतं, उज्जैन सोडवत नव्हतं. पण 'मला नाही यायचं' असं थोरल्या भावाला सांगायची छाती नव्हती. तेव्हा त्यांनी ठोकून दिलं की मुंबईला एका जर्मन इंजिनिअरला भेटून पत्र वाचून घेतलंय, आणि साहेबांनी लिहिलंय, 'घाई नाही. आहात तिथे राहा.' साहेबांचाच शब्द म्हटल्यावर कोण काय बोलणार? भाऊ बायकामुलांना घेऊन गेला. आई काकांजवळ राहिली. अकरा वर्षांनी इथेच वारली. थोरल्याचं तोंड पुन्हा तिला दिसलं नाही.

"आता त्यात 'या' लिहिलेलं निघालं," काका म्हणाले, "तर मी आईला तिच्या मुलापासून तोडलं ना बेटा. खोट्या कागदावर. लाल सिग्नल मीच दिला." त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मी चहा करायला उठले, तेवढंच जमलं.

वर आणखी मुलीचा तगादा होता. काकू गेल्यापासून ती म्हणत होती, बाबा, इकडे या. काका तिलाही तोच जुना दाखला देत: साहेबांनी राहा म्हटलंय. मुलगी त्यांचीच. ती म्हणाली, "ठीक आहे, मग मला ते वाचून दाखवा. खरंच 'राहा' असेल तर मी पुन्हा विषय काढणार नाही. 'या' असेल तर घर विकून यायचं, कायमचं." म्हणजे त्या चार घड्यांच्या कागदात काकांची आई होती आणि काकांचं उज्जैनही.

पावसाळा गेला. एका शनिवारी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे खाली जाऊन दिवा लावला. परत निघाले तर काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "त्या जर्मन बाईंना पोहे चालतात की नाही, कोण जाणे."

मी दारातच मागे वळले. मग म्हटलं, "चालत असतील, काका." आणि वर जाऊन बाईंना फोन केला.

पुढच्या रविवारी बाई आल्या. त्या इंदूरला राहत, बसनं नानाखेड्याला उतरल्या आणि मी त्यांना रिक्षानं घेऊन आले. सत्तरीच्या, उंच, खांद्याला झोळी. दारातली पितळी डबी पाहून त्या थांबल्या, ती न दाबता तिला अलगद बोट लावलं, आणि काकांचा चेहरा एकदम सैलावला. हिंदी त्या पुस्तकातून शिकलेल्या. "आपके निवास में पदार्पण कर मैं प्रसन्न हूँ," म्हणाल्या. काकांनी पहाटे उठून मलिदा केला होता. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वेलची, वर फळं, असा तो त्यांच्याकडे शुभकार्याला करतात. बाईंनी चमच्यानं नाही, बोटांनी खाल्ला आणि पुन्हा मागितला.

लहानपणी आजीची पत्रं वाचल्यामुळे हे जुनं वळण आपल्याला येतं, असं त्यांनी सांगितलं. मी कागद काचेवर ठेवला. खोलीत जरा अंधारून आलं होतं. बाईंनी वर पाहून म्हटलं, "कृपया मुझे अधिक प्रकाश प्रदान करें."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, मागितला की झालं. किती सोपं!" आणि उठून स्वतःच दिवा लावला. रविवार होता.

बाई एकेक वाक्य आधी मनात वाचत, मग त्यांच्या त्या संस्कृतप्रचुर हिंदीत सांगत. मी मराठीत लिहून घेत होते. तो कागद आजही माझ्याकडे आहे. त्यात असं आहे:

"प्रिय महोदय, आपलं इंग्रजी मी सावकाश वाचू शकलो, पण त्या भाषेत लिहायला हात धजत नाही. माझ्या भाषेत लिहितो. आपल्याकडे कुणी वाचणारा सापडेलच.

"आपण विचारता, आम्ही यावं का. याचं उत्तर देण्याआधी मलाच आपल्याला काही विचारायचं आहे. आपण लिहिता की आपल्या गावात आपल्या लोकांना आजवर कुणी हाकललं नाही, कुणी घरं जाळली नाहीत. उलट शनिवारी शेजारची बाई येऊन आपली चूल पेटवून जाते. हे वाक्य मी तीनदा वाचलं. माझ्या खिडकीतून मला जे दिसतं, त्यावरून असं जगात कुठे घडत असेल यावर माझा विश्वास नव्हता. म्हणून तर आपल्याला आपलं घर हवं, असं मी म्हणत आलो, आणि अजूनही म्हणतो. पण जिथे जाऊ म्हणतो तिथेही माणसं राहतात. आपणही कुणाचे तरी शेजारी होणार. तेव्हा हे आपल्याकडे कसं जमतं, मला सविस्तर लिहा. ती बाई कोण? ती का येते? तिला आपण काय देता? घाई नाही. मी उत्तराची वाट पाहतो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. काका काचेवर वाकून, न येणाऱ्या त्या अक्षरांकडे बघत होते. बंद टीव्हीकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"बस?" त्यांनी विचारलं. "या नाही, राहा नाही?"

"इतना ही," बाई म्हणाल्या. "केवल प्रश्न है."

"चार पिढ्या भांडलो आम्ही," काका म्हणाले. "आणि हा माणूस बिचारा वाट बघत बसला." मग डोळे पुसत, "पण 'घाई नाही' हे तर मी एकदम बरोबर बनवलं होतं, मानावं लागेल." आम्ही तिघंही हसलो. मला रडूही येत होतं आणि ते मी लपवलं नाही.

त्याच दुपारी त्यांनी अश्दोदला भावाला फोन लावला. भाऊ नव्वदीला टेकलेले, कानानं अधू, म्हणून फोन स्पीकरवर आणि दोन्हीकडून आरडाओरडा. मी उठायला लागले तर काकांनी हातानं बसवलं. त्यांनी पत्र वाचून दाखवलं. मग एका दमात कबूल करून टाकलं, "दादा, तेव्हा मी खोटं बोललो. मी मुंबईला गेलोच नव्हतो. आईला मी थांबवलं. माफ कर."

पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं लाइन तुटली. मग खोकल्यासारखं हसू ऐकू आलं.

"अरे गधड्या, माहीत आहे मला! त्या आठवड्यात तू नागद्याला ड्यूटीवर होतास. मी जाऊन तुझ्या रेल्वेतल्या वरिष्ठाला विचारून आलो होतो."

काकांनी फोन तोंडाजवळ ओढला. "मग बोलला का नाहीस?"

"आईला बोललो. म्हटलं, हा खोटं बोलतोय, तू चल. ती म्हणाली, गप राहा, त्याला कळू देऊ नको. मला नाही जायचं. माझं घर इथे, माणसं इथे. पण तुला थोरल्या लेकाला मी आपण होऊन तोंडानं कसं सांगणार होते, की तुझ्याबरोबर येत नाही म्हणून? धाकट्यानं सांगितलं, बरं झालं." भाऊ दम घ्यायला थांबले. "तुला आठवत नाही? क्वार्टरमागे पेरूचं झाड होतं. महिनाभर ती त्या झाडापाशी उभी राहून म्हणायची, 'तिकडे असे पेरू मिळतात की नाही, कोण जाणे.' मला वाटायचं, म्हातारी पेरूचं बोलतेय. तुला बरोबर समजलं."

काकांनी फोन मांडीवर ठेवला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपण आईला अडवलं; आणि आईनं न सांगता सांगितलेलं काम त्यांनी न सांगता केलं होतं. ते मोठ्यानं रडले. ऐंशी ओलांडलेला माणूस असा मोकळा रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते, पण घाबरले नाही. ते रडणं चांगलं होतं. फोनमधून भाऊ ओरडत होते, "हॅलो! अरे, लाइन आहे का?"

"क्लिअर आहे," काका म्हणाले. "क्लिअर आहे, दादा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रीगंजातून दोन रेघी रजिस्टरं आणली आणि साहेबांना उत्तर लिहायला बसले. मराठीत. पहिलं वाक्य मला वाचून दाखवलं: "साहेब, आपलं पत्र मिळालं. उत्तराला चार पिढ्या लेट झाला. कारण, लाइन क्लिअर नव्हती." पुढे त्यांनी आठवून आठवून माणसं लिहिली. कोकणात चूल पेटवून जाणारी पाटलांच्या घरची बाई, जी आपल्या घरची मीठ-भाकर त्यांच्या आजीबरोबर वाटून खाई. नागद्याच्या क्वार्टरात कंदील लावणारा मुनीर गँगमन, जो स्वतः शुक्रवारी नमाजाला जाताना "इन्स्पेक्टर साहब, कल आऊँगा" सांगून जाई. समोरच्या भाभी आणि त्यांच्या तेलाच्या बाटल्या. शेवटी मी आले. "ही का येते, हे मला माहीत नाही," असं माझ्याबद्दल लिहिलं होतं. "विचारलं तर म्हणते, येता जाता बटण दाबायला काय लागतं. आधीचे सगळेही हेच म्हणत. साहेब, याहून सविस्तर मला लिहिता येत नाही, पण प्रयत्न करतो." एक रजिस्टर भरलं, दुसरं सुरू झालं.

"पाठवणार कुठे?" मी विचारलं.

"ते नंतर बघू. लिहून तर होऊ दे."

मुलीला त्यांनी पत्राचा खरा मजकूर सांगितला. पैज कुणीच जिंकली नव्हती. मग तिकडची परिस्थिती जरा निवळली तशी ते तीन महिन्यांसाठी भावाला भेटायला निघाले. घर विकायचं की नाही ते तिथे राहून, बघून ठरवू, असं दोघांत ठरलं. जाताना दोन्ही रजिस्टरं बॅगेत घेतली. साहेबांचं पत्र माझ्या स्वाधीन केलं, घराच्या किल्लीसकट. रिक्षात बसताना म्हणाले, "तीन महिने घर अंधारात राहील, नाही?"

मी दर शनिवारी संध्याकाळी खाली जाऊन त्यांच्या ओट्यावरचा दिवा लावत होते. घरात कुणी नव्हतं आणि कुणी हवेत काही बोलत नव्हतं. तरी लावत होते. पलीकडून भाभी विचारायच्या, "भाईसाब आ गए क्या?" मी म्हणायची, "नहीं भाभी." आपण तीन महिने म्हणतो खरं, पण ते तिकडेच राहतील, मुलगी आहे, भाऊ आहे, ते बरोबरच आहे, असं मी मनाला समजावून ठेवलं होतं. नवीन घर शोधायला हवं, तेही डोक्यात होतं.

तिसरा महिना संपत आला. एका रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा निम्माच दिसत होता, मागे भाऊ खुर्चीत डुलकी घेत होते. दोघा भावांनी मिळून पत्राची आणखी चाळीस पानं केली होती म्हणे, एकानं सांगायचं, एकानं लिहायचं. भाऊ नागद्याच्या गोष्टी अशा खोट्या सांगतो की दर पानाला भांडण होतं. मुलीच्या इमारतीत खाली कुणी राहायला आलेत, त्यांना काकांनी मलिदा नेऊन दिला. भाषा येत नाही, पण त्या माणसानं रिकामी बशी परत देताना तीत लिंबं घातली. हे सांगताना काका फार खूश होते.

"आणि शनिवार कसा जातो?" मी विचारलं.

"शनिवार?" काका म्हणाले. "एकदम सोपा. इथे सगळ्यांकडे टायमर आहे. दिवे आपोआप लागतात, आपोआप विझतात. कुणाला काही बोलावंच लागत नाही." त्यांनी मागे डुलकी घेणाऱ्या भावाकडे पाहिलं. "कुणी येतही नाही."

त्यांनी फोन जरा लांब धरला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि माझ्याशी नव्हे, त्या खिडकीशी बोलल्यासारखे म्हणाले, "माळव्यात आता पेरू आले असतील, कोण जाणे."

मी फोन ठेवला. किल्ली घेतली, खाली गेले, त्यांच्या घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, पंप चालू करून टाकी भरली आणि गाद्या उन्हात टाकल्या.